आवाज आणायला शहाद्याला

नंदुरबार

माझ्या घरात एक कपाट आहे. त्यात साड्या असायला हव्यात असं सासूबाईंचं मत आहे, पण त्यात आहेत गिटारची जुनी पेडलं. पेडल म्हणजे गिटार आणि स्पीकर यांच्यामध्ये जोडायची, पायाने दाबायची लोखंडी डबी. दाबली की साधा सूर गुरगुरतो, हेल काढून रडतो किंवा दरीतून आल्यासारखा घुमतो. आता हे सगळं मोबाइलमध्येही होतं. मला मात्र कुणीतरी टेबलाशी बसून, एकेक तार हाताने जोडून बनवलेल्या डब्या आवडतात. मी नाशिकला दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बघते, संध्याकाळी या डब्यांमध्ये.

शहाद्याचा पत्ता मला एका दाढेने दिला. भूल चढेपर्यंत बसलेल्या पेशंटने वेळ घालवायला त्यांच्या गावच्या लग्नाचा व्हिडिओ लावला होता. बँडचा गलका, ढोल, कीबोर्ड, आणि त्या सगळ्याच्या वर एक बेंजो. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या कळा असलेलं तारांचं वाद्य, आपल्याकडे लग्नात वाजतं तेच. पण हा बेंजो एखादा माणूस गळा काढून रडावा तसा वाजत होता. हा आवाज मोबाइलमधला नव्हता, हाताने बनवलेल्या डबीतला होता. मी पेशंटला तोंड उघडायला सांगायचं विसरले. त्यांनीच मग बधिर झालेल्या जिभेने वाजवणाऱ्याचं नाव सांगितलं. सलीमभाई, शहाद्याचे, पत्र्याच्या कोठ्या आणि बादल्या बनवणारे. फोनवर बोलणं झालं, डबी विकायला ते तयार झाले, किंमत ठरली, आणि फेब्रुवारीत दवाखान्याला तीन दिवस सुट्टी देऊन मी निघाले.

पुढच्या गाडीला अवकाश होता म्हणून नंदुरबारच्या जुन्या बाजारात एक चक्कर मारली. भंगारच्या एका दुकानात विचारलं, "जुनं पेडल आहे का?"

"शिलाई मशीननं पायजे का सायकलनं?" दुकानदाराने विचारलं.

मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शिवणयंत्राचं बिडाचं पेडल माझ्यापुढे ठेवलं. "गानासनं पेडल आमनाकडे नही. पन हाई लई जा. हाई बी आवाज करस." आणि त्यांनी ते पायाने दाबून कुरकुरवून दाखवलं. खोटं बोलत नव्हते.

गावाबाहेर पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिरचीच्या पथारी लागतात. शेतंच्या शेतं लाल. बायका तोंडाला पदर बांधून मिरच्या उलटत होत्या. गाडीतली सगळी माणसं निवांत गप्पा मारत होती, शिंकत होते फक्त मी. शेजारच्या बाईंनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तो शिंकेवरचा उपाय होता की माझी दया येऊन दिला, ते कळलं नाही.

शहादा

एसटी स्टँडसमोरच्या लॉजवर बॅग टाकली आणि पत्र्याच्या ठोकाठोकीचा आवाज धरून सलीमभाईंचं घर शोधलं. ओट्यावर अर्धी झालेली कोठी, तिच्यामागे पांढऱ्या दाढीचे, किडकिडीत सलीमभाई.

"या ताई, या. भलत्या ऊनमा उन्यात तुम्ही. पहिले पानी ल्या."

पाणी त्यांच्या पत्नीने आणलं. रेहानाभाभी लग्नघरी जाऊन बायकांना बांगड्या भरतात. माझं मोकळं मनगट त्यांना बघवलं नाही. काही बोलायच्या आत त्यांनी माझा हात दाबून पाहिला, माप ठरवलं आणि हिरव्या काचेच्या बांगड्या चढवल्यासुद्धा. भाभी घरात हिंदी बोलतात, गल्लीत अहिराणी आणि माझ्याशी अहिराणीतच, थोडी शाळेतली मराठी मिसळून. जेवायला ज्वारीची भाकरी, मटणाचा लाल रस्सा आणि वांग्याचं भरीत होतं. आमच्याकडे भरीत म्हणजे तोंडी लावणं. इथे ते ताटाच्या मध्यभागी बसतं आणि बाकीच्यांना सरकून घ्यावं लागतं.

जेवणानंतर सलीमभाईंनी फडक्यातून डबी काढली. राखाडी रंग, कोपरे घासून पितळेसारखे पिवळे झालेले, नाव कुणाचंच नाही.

"मन्हा उस्तादनी मुंबईथीन आनेल शे," ते म्हणाले. "कोनी बनाडी, माले मालूम नही. उस्ताद गयात, डबी मन्हाकडे ऱ्हायनी."

"मग का विकताय?" मला विचारायला नको होतं, पण विचारलं.

"आते बँडमा कॅसिओ शे. एक बटन दाबं का सनई, दुसरं दाबं का बेंजो. मन्ही काय गरज?" ते हे तक्रार केल्यासारखं बोलले नाहीत. कोठीची किंमत सांगावी तसं सांगितलं. "फक्त उद्यानी एक हळद व्हवू द्या. तापीकाठे गुजर पाटीलना घर. पोरीना बापनी सांगेल शे, मन्हा लगीनमा जो बेंजो वाजना व्हता तोच पायजे. ते वाजाडी लेस, मंग डबी तुमनी."

त्यांनी वाजवून दाखवायला बेंजो जोडला. बॅटरी उतरलेली होती, सूर येता येता मरत होता. मी म्हटलं, थांबा, माझ्याकडे वायर आहे. विजेच्या अडॅप्टरला बॅटरीचं टोपण लावून ती मीच घरी बनवली होती, निघायच्या आदल्या दिवशी, घाईत. मी ती लावली. सलीमभाईंनी कळ दाबली. एक बारीक 'टक्' झालं आणि मग काहीच नाही. जळक्या बेकलाइटचा ओळखीचा वास आला.

रेहानाभाभी आतून आल्या. "काय व्हयनं?"

"काही नही," सलीमभाई म्हणाले. "बॅटरी व्हई."

त्यांना कळलं होतं. पाहुणीची लाज राखायला ते खोटं बोलत होते. त्यामुळे मला आणखीनच बसवेना.

"बॅटरी नाही, सलीमभाई. माझी वायर उलटी होती. प्लसच्या जागी मायनस गेलं. डबी माझ्या हातून जळली."

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याच्या टेपवर गाणं चालू होतं. तो दूर जाईपर्यंत आम्ही तिघं त्या डबीकडे बघत बसलो.

मी डबी उघडली. आत शेंगदाण्याएवढे, धातूच्या टोपीचे, तीन पायांचे दोन ट्रान्झिस्टर होते. तो रडका आवाज त्यांच्यातून यायचा. दोन्ही गेले होते. असे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर आता कुणी बनवत नाही. जुन्या रेडिओत मात्र ते असायचे.

"जुना रेडिओ मिळाला तर होईल," मी म्हटलं. "उद्या दुपारपर्यंत."

सलीमभाई मला घेऊन गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे गेले. जळलेल्या दोन कपॅसिटरच्या जागी नवे त्याच्याकडे मिळाले. रेडिओ म्हटल्यावर तो हसला. सगळे कधीच भंगारात गेले, म्हणाला. परत येताना सलीमभाई एवढंच म्हणाले, "पाटीलले काय सांगानं, हाऊ इचार करी ऱ्हायनू."

घरी आम्ही दोघं तोंड पाडून बसलेलो बघून रेहानाभाभींनी हातातली बांगड्यांची पेटी खाली ठेवली.

"रेडू? त्याच लगीनघरमा शे ना! काल चुडा भराले गयथू तवय दखा मी. फडतायमा, भरतकामना रुमालखाले. पोरीनी आत्या शे ना, जसोदाबेन, तिना मालकना शे तो." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पन ती देवाव नही. कोनलेच हात लावू देत नही."

तापीकाठ

सकाळी आम्ही तिघं रिक्षाने निघालो. प्रकाशा गावाच्या अलीकडे रस्ता नदीकडे वळतो. हिवाळ्यातली तापी रुंद आणि संथ, पाण्यावर धुकं, काठाने केळीच्या बागा. केळीच्या घडांना निळ्या पिशव्या घातलेल्या, लांबून वाटावं की बागेत कुणी कपडे वाळत टाकलेत. मी नाशिकची, द्राक्षांचे मांडव बघत वाढलेली. द्राक्षाची बाग आखीव असते. केळीची बाग गर्दीसारखी, आत शिरलं की वाट हरवेल अशी.

लग्नघर मोठं, दारात मांडव, अंगणात बायका हळद कालवत होत्या. जसोदाबेन पांढरी साडी नेसून पडवीत खाटेवर बसल्या होत्या, गहू निवडत. वय सत्तरीच्या पुढचं. नवरा गेल्यापासून त्या भावाकडे राहतात. रेहानाभाभींनी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"रेडूले हात लावाना नही," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याजवळ खाली बसले. डबी माझ्या हातून जळली, आज हळदीला सलीमभाईंना वाजवता येणार नाही, एवढं सांगितलं. त्यांनी गव्हातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"तो रेडू आखो बोली का?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. "नाही, आत्या. आज तो बंद आहे, कदाचित दुरुस्त होईल, कदाचित नाही. पण आम्ही आतले तुकडे काढले तर कधीच बोलणार नाही."

जसोदाबेन बराच वेळ गहू निवडत राहिल्या. मग उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. फडताळातून रुमालासकट रेडिओ आणला आणि खाटेवर ठेवला.

"त्या व्हतात तवय माले बी हात लावू देत नव्हतात," त्या म्हणाल्या. "लावेत बी त्याच, बंद बी त्याच करेत. मी फक्त पुसू, तेबी वरथीन." त्यांनी रुमाल काढला. चामड्याच्या कव्हरातला, मोठ्या काट्याचा रेडिओ होता तो. "फोडा. आतमा काय शे, ते माले बी दखनं शे."

मी स्क्रू-ड्रायव्हर काढला तसा त्यांनी हात आडवा केला. "थांबा."

त्यांनी बोट पुढे नेलं, रेडिओचं बटन पकडलं आणि फिरवलं. कट्. परत उलटं फिरवलं. कट्. मग काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला आणि परत आणला. हळद कालवणाऱ्या बायका काम थांबवून बघत होत्या.

"हं. आते फोडा."

मागचं झाकण निघालं आणि आतून वाळक्या मातीचा गोळा खाटेवर पडला. मातीचं घर बांधणारी माशी असते ना, कुंभारीण, तिने आत बिऱ्हाड केलं होतं, एकाला एक लागून खोल्या. जसोदाबेन आधी बघत राहिल्या आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अय माय! एवढा जपा मानुसनी, आनि आतमा घर करं ते कुंभारनीनी!"

मग त्या माझ्या शेजारून हलल्याच नाहीत. हे काय, ते काय, विचारत राहिल्या. मी प्रत्येक भाग दाखवला. ही तार आकाशवाणी पकडते, हे गोल फिरलं की स्टेशन बदलतं, इथून आवाज मोठा होतो. एवढ्या लक्षपूर्वक माझं बोलणं आजवर कुणी ऐकलेलं नाही, पेशंट तर नाहीच नाही.

पडवीतच वीज मिळाली, कथिलाचा डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून मागून आणलं होतं. दातांची बारीक हत्यारं माझ्या पिशवीत होतीच. सलीमभाईंनी मोबाइलचा उजेड धरला. जुन्या ट्रान्झिस्टरचे पाय तापले की ते मरतात, म्हणून डाग देताना प्रत्येक पाय चिमट्यात पकडून धरायचा. रेडिओतले काही कधीच मेलेले होते. धड निघालेल्यांपैकी दोन मी डबीत बसवले. तापलेल्या कथिलाचा धूर, ओल्या हळदीचा वास, आणि डाळ घोटणाऱ्या आचाऱ्याची हाकाटी, असं सगळं एकत्र नाकाकानांत जात होतं. मधेच कुणीतरी माझ्या गालाला हळद फासून गेलं.

या वेळी नवी बॅटरी लावली. सलीमभाईंनी कळ दाबली.

आवाज आला, पण रडणारा नव्हे. जाड, घोगरा, जत्रेत रात्रभर बोलून बसलेल्या माणसाच्या गळ्यासारखा.

"हाऊ तो नही," सलीमभाई म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "याहून जवळ मला आणता येणार नाही. मला माफ करा."

त्यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही. ते खालच्या सुरांच्या कळा एकेक दाबून बघत होते, मान तिरपी करून.

ऊन उतरल्यावर नवरीला हळदीसाठी बाहेर आणलं. बँड उभा राहिला. सलीमभाईंनी नेहमीची चाल धरली आणि वरच्या सुराला आवाज फाटला. भांड्यावर भांडं घासावं तसा. लोकांनी माना वळवल्या. कीबोर्डवाला तरुण समजूतदार होता, त्याने लगेच बोटं पुढे केली. सलीमभाईंनी डावा हात वर करून त्याला थांबवलं. ढोलवाल्याला लय निम्मी करायची खूण केली. मग तीच चाल खाली, अगदी खालच्या पट्टीत सुरू केली, सावकाश, जिथे फाटतंय तिथे मुद्दाम थांबत. चुकत होते. एकदा तर सूर सापडेपर्यंत ढोल एकटाच वाजत राहिला. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते. हळूहळू तो घोगरा आवाज त्यांच्या बोटांखाली वळायला लागला, बैल नव्या माणसाच्या हाताला सरावतो तसा.

नवरीचे वडील, पाटील, पुढे आले. "सलीमभाई, मन्हा लगीनमा वाजना तो हाऊ नही."

"नही," सलीमभाई म्हणाले, वाजवत वाजवत.

पाटील थोडा वेळ ऐकत उभे राहिले. चेहऱ्यावरची नाराजी पुरती गेली नाही, पण खिशातून रुमाल काढून त्यांनी सलीमभाईंच्या कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "वाजाडा, वाजाडा."

जसोदाबेननी आपली खुर्ची उचलायला लावली आणि स्पीकरच्या अगदी समोर मांडली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला त्या सांगत होत्या, "हाऊ मन्हा रेडू शे."

पुन्हा शहादा

रात्री लॉजवर पडल्या पडल्या मी कपाटातली जागा ठरवली होती. खरं तर या डबीची आता संग्राहकांच्या बाजारात फारशी पत राहिली नव्हती, आतले भाग मूळचे नव्हते. तरी मला ती हवी होती. कदाचित जास्तच.

सकाळी सलीमभाईंच्या ओट्यावर अर्धी कोठी तशीच पडलेली होती. ते आत, जमिनीवर बेंजो घेऊन बसले होते, डबी पायाशी. मला बघून उठले.

"ताई, मी तुमले जबान दिधी व्हती," ते म्हणाले. "पहिला आवाज मन्हा हातले पाठ व्हता. झोपमा बी वाजाडू इतला पाठ. म्हनीसन त्याना कंटाया बी उना व्हता माले. हाऊ नवा माले वळखतच नही. मी सांगस एक, तो करस दुसरं." त्यांचे डोळे चमकत होते. "आते डबी दिधी ते ह्याले शिकाडी कोन?"

मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. हातात आलेलं खेळणं परत द्यावं लागतं तसं झालं. पण वाद घालायला जागाच नव्हती. मी त्यांना बॅटरी कशी बदलायची, कुठली तार नाजूक आहे ते दाखवलं, आणि डबी त्यांच्या पायाशी होती तिथेच सरकवून ठेवली. सलीमभाई दारापर्यंत आले. मी गल्लीच्या वळणावर पोहोचायच्या आत आतून वाजायला लागलं.

स्टँडवर नाशिकच्या गाडीची वाट बघत बसले होते, तेवढ्यात रेहानाभाभी धापा टाकत आल्या. हातात कापडात बांधलेल्या भाकरी, ठेचा आणि केळी.

"आखं घर डोक्यावर लिधं शे त्यासनी!" त्या बाकावर बसत म्हणाल्या. "दोन शेजारनी येईसन गयात. डबी जाई, घर शांत व्हई, असं समजी ऱ्हायनथू मी. ताई, ती तुमनी वायर आखो एकदाव लाई द्या ना!"

आम्ही दोघी एवढ्या मोठ्याने हसलो की समोरच्या बाकावरच्या माणसाने पेपर खाली केला.

मग हसणं ओसरलं. भाभींनी पदराने तोंड पुसलं आणि माझ्या हातावरच्या हिरव्या बांगड्या उगीचच सारख्या केल्या.

"कॅसिओ उना तवयपाईन मानुस ओट्यावर बशी ऱ्हायी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पतरा ठोकी, थांबी, आनि म्हनी चहा कर. आखो थोड्या येयमा, चहा कर. दिवसभर तेच. चहा पेवाना नही ऱ्हाय, ताई. कोनी ते बोली, म्हनीसन."

गाडी लागली. लोक पिशव्या खिडकीतून आत टाकून जागा धरायला धावले. भाभींनी माझी बॅग उचलून दिली.

"आज सकायपाईन," त्या म्हणाल्या, "त्यासनी चहा मांगा नही."